एकाच फोटोतून एचडीआर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाड्याच्या माजघराचा एकच जेपेग फोटो आहे. खिडकी पांढरीफटक आणि खांब, तुळया काळ्या आल्या आहेत. ब्रॅकेटिंग (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो) केलेलं नाही. गिम्प या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये याला एचडीआरसारखा (उजेड आणि अंधार दोन्हींतला तपशील दाखवणारा) परिणाम देता येईल का? (सातारा)

उत्तर : तुळया बाहेर काढता येतील, खिडकीची खात्री नाही. आधी कलर पिकर खिडकीवर फिरवा. तिन्ही चॅनलचा आकडा सगळीकडे २५५ येत असेल, तर तिथे काही नोंदलंच गेलेलं नाही. कितीही ओढलं तरी पांढऱ्याचं राखाडी होईल, बाहेरचं झाड दिसणार नाही. आकडे २४०-२५० मध्ये हलत असतील तर थोडंफार हाती लागेल. सावलीत १०-१५ आकडा असला तरी तपशील असतो, सोबत नॉइजही असतो. म्हणून नॉइज आधी कमी करा, मग उजळा. उलट क्रमाने केलं तर रंगीत ठिपकेही उजळतात आणि नंतर हटत नाहीत.

आता कृती. इमेज मेन्यूतल्या प्रिसिजनमध्ये ३२-बिट फ्लोटिंग पॉइंट निवडा. जेपेगच्या दर चॅनलच्या २५६ छटा त्याने वाढत नाहीत, पण पुढच्या पायऱ्यांत आकडे पूर्णांकात कापले जाऊन आणखी छटा गळण्याचं थांबतं. मग लेयर डुप्लिकेट करा, वरची प्रत डीसॅच्युरेट (कृष्णधवल) करा आणि कलर्समधून इन्व्हर्ट (उजेड-अंधार उलट) करा. गिम्प २.१० मध्ये जवळच लिनियर इन्व्हर्ट आहे, ते घेऊ नका. त्याने मधल्या छटा भलत्याच उजळ होतात. या लेयरचा मोड सॉफ्ट लाइट ठेवा.

इथे फोटो सपाट आणि मळकट दिसेल. घाबरू नका, अजून ब्लर बाकी आहे. उलटी केलेली प्रत जशीच्या तशी धारदार असेल, तर लाकडाच्या प्रत्येक रेषेवर तिचीच उलटी रेषा बसते आणि दोन्ही एकमेकींना खातात. प्रत पुरेशी ब्लर केली की तिच्यात फक्त ‘हा भाग अंधारा, तो उजेडाचा’ एवढंच उरतं. मग अंधारा भाग एकगठ्ठा उजळतो आणि त्यातल्या रेषा शाबूत राहतात. ६००० पिक्सेल रुंद फोटोला गॉसियन ब्लर ६० ते ८० द्या. १५०० पिक्सेलच्या फोटोला १५-२० पुरे. ५ वगैरे देऊन ‘परिणाम येत नाही’ म्हणणारे बरेच असतात, त्यांचं इथेच चुकतं. शेवटी या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० ते ६० टक्क्यांवर आणा.

तरीही फोटो थोडा निस्तेज वाटला तर न्यू फ्रॉम व्हिजिबल (दिसतंय त्या सगळ्याचा एक नवा लेयर) करून त्या लेयरवर अनशार्प मास्क लावा : रेडियस ५०, अमाउंट ०.२, थ्रेशोल्ड ०. मोड एलसीएच लाइटनेस ठेवा. म्हणजे कॉन्ट्रास्ट फक्त उजेडात वाढतो, लाकडाचा तपकिरी भगवा होत नाही. एचडीआर म्हटलं की भडक रंग हे समीकरण रूढ झालंय, ते इथेच मोडता येतं.

वाड्यात परत जाणं शक्य असेल तर ट्रायपॉड न्या. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एकच, आणि −२, ०, +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) असे तीन फोटो. खिडकीसाठी −४ चा चौथा. एका फोटोत न मावणारा उजेड दोनांत पकडायची युक्ती जुनीच आहे. फ्रान्सचे छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाशाच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून छपाई केली होती.

प्रश्न : कोकणकड्याच्या फोटोवर हाच प्रयोग केला. कड्याच्या कडेने आकाशात पांढरा पट्टा उमटला. तो कशाने जाईल? (जुन्नर)

उत्तर : हा हेलो, आणि तो ब्लरमुळेच येतो. कडेपाशी मास्कमध्ये (म्हणजे ब्लर केलेल्या उलट्या प्रतीत) आकाश आणि खडक एकमेकांत मिसळतात. त्यामुळे कड्यालगतचं आकाश बाकीच्या आकाशाएवढं गडद होत नाही आणि आकाशालगतचा खडक बाकीच्या खडकाएवढा उजळत नाही. रेडियस वाढवला तर पट्टा रुंद आणि फिका होतो, कमी केला तर अरुंद आणि ठळक. नाहीसा होत नाही. उपाय म्हणजे गॉसियनऐवजी सिलेक्टिव्ह गॉसियन ब्लर. त्यात मॅक्स डेल्टा ०.२ पासून सुरुवात करा. उजेडातला फरक त्याहून जास्त असेल तिथे तो ब्लर करत नाही, म्हणून कडा वाचते. मोठ्या रेडियसला वेळ लागतो, तेवढा द्या. डार्कटेबल हा फोटो-संपादनाचा मोफत प्रोग्राम वापरत असाल तर टोन इक्वलायझर हे मॉड्यूल घ्या. कडा जपणारा मास्क त्यात तयारच आहे.

फोटो १०० टक्क्यांवर बघाच, पण बोटभर लहान करूनही बघा. रुंद हेलो लहान आकारातच डोळ्यांत भरतो. सावलीतला कडा मागच्या आकाशाहून उजळ दिसू लागला असेल तर हेलो नसूनही फोटो खोटा वाटेल. ओपॅसिटी उतरवा.

प्रश्न : एका रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलच्या −२, ०, +२ अशा तीन प्रती काढून एचडीआर मर्ज केल्यास रेंज वाढते का? (पणजी)

उत्तर : नाही. १४-बिट रॉमध्ये १६,३८४ पातळ्या असतात. त्यातल्या ८,१९२ सर्वांत उजळ स्टॉपला जातात, पुढच्याला ४,०९६, आणि असं निम्मं होत आठव्या स्टॉपला फक्त ६४ उरतात. त्या ६४ पातळ्या तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये +२ केल्या तरी ६४ च. खरोखर +२ ने काढलेल्या फोटोत त्याच सावलीवर चौपट प्रकाश पडलेला असतो. फायदा त्या प्रकाशाचा आहे. रॉमधली शॅडोज आणि हायलाइट्सची स्लायडर तेच काम कमी कटकटीत करतात. एनफ्यूजसारख्या प्रोग्रामच्या एक्स्पोजर फ्यूजनची (प्रत्येक प्रतीतले नीट उजेडाचे भाग जोडण्याची) ठेवण आवडत असेल तर खुशाल तीन प्रती काढा, पण १६-बिट टिफमध्ये.

प्रश्न : मोबाइलच्या फोटोला एचडीआर इफेक्ट दिला की चेहरे काळवंडतात आणि आकाशात चौकटी दिसतात. (नाशिक)

उत्तर : आजचे बहुतेक फोन आतल्या आतच अनेक फ्रेम एकत्र करून टोन मॅपिंग (उजेड-अंधारातला फरक आवळणं) करतात. तुम्ही ते दुसऱ्यांदा करताय. चौकटी जेपेगच्या ८×८ पिक्सेलच्या ठोकळ्यांच्या आहेत. लोकल कॉन्ट्रास्ट वाढला की त्या उघड्या पडतात. आकाश लेयर मास्कने (लेयरचा नको तो भाग झाकणाऱ्या) पूर्ण वगळा. चेहऱ्यावर मास्क २०-३० टक्केच ठेवा, नाहीतर डोळ्यांखालची सावली आणि त्वचेची छिद्रं आधी वर येतात. फोनमध्ये रॉची सोय असेल तर अशा फोटोंसाठी ती चालू करा.