तुमचे प्रश्न: वाँग किम आर्कची केस नेमकी काय होती?

प्रश्न: माझा मुलगा आणि सून एचवन व्हिसावर कॅलिफोर्नियात आहेत, नात तिथेच जन्मली, आता चार वर्षांची आहे. जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद करणार अशा बातम्या ऐकून आम्ही इकडे घाबरलो, तर मुलगा म्हणाला की एका चिनी माणसाच्या जुन्या केसवर हे सगळं उभं आहे. ती केस सोप्या भाषेत सांगाल का?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर: आजी, आधी नातीचं सांगते. जन्माने मिळणारं नागरिकत्व रोखणारा, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला काढलेला तो हुकूम १९ फेब्रुवारी २०२५ नंतर जन्मणाऱ्या बाळांसाठी होता, म्हणजे तुमची नात त्यात येतच नाही, आणि फेडरल कोर्टांनी एकामागून एक तो अडवला, मग प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

आता ती केस. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १८७३ च्या सुमाराला जन्मलेला मुलगा, मोठा होऊन स्वयंपाकी झाला. आईवडील चीनहून आलेले, तिथेच राहून धंदा करायचे, पण त्यांना नागरिक होता येत नव्हतं, कारण १७९० च्या कायद्याने ते फक्त गोऱ्यांसाठी ठेवलं होतं, १८७० ला आफ्रिकन वंशाच्या लोकांना त्यात घेतलं पण चिनी बाहेरच राहिले. वर १८८२ ला चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली.

वाँग १८९४ ला चीनला गेला, जाण्याआधी त्याने फोटो लावलेला कागद करून घेतला होता, त्यावर गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या, की हा इथेच जन्मलाय. ऑगस्ट १८९५ मध्ये ‘कॉप्टिक’ बोटीने परत आला तर कस्टमच्या अधिकाऱ्याने उतरूच दिलं नाही, म्हणे तू नागरिक नाहीस. स्वतःच्या जन्मगावाच्या बंदरात, किनारा समोर दिसतोय, आणि हा एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर कित्येक महिने अडकून पडला, मला तर हे वाचताना दरवेळी पोटात कालवतं. पण चायनाटाउनमधले लोक त्याच्या पाठीशी उभे राहिले, तिथल्या चिनी संघटनेने वकील दिला, जानेवारी १८९६ मध्ये खालच्या कोर्टात तो जिंकला, सरकारने अपील केलं.

सगळा वाद १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या एका वाक्यावर होता: अमेरिकेत जन्मलेले आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेले सगळे लोक नागरिक. ही दुरुस्ती आली कारण १८५७ ला ड्रेड स्कॉट या गुलामाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत असं म्हटलं होतं. सरकारचं म्हणणं, आईवडील चीनच्या बादशहाची प्रजा, म्हणून मुलगाही त्याचीच प्रजा. २८ मार्च १८९८ ला निकाल लागला, ६ विरुद्ध २, वाँग जिंकला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिलं की असा अर्थ लावला तर इंग्लिश, आयरिश, जर्मन आईवडिलांच्या हजारो मुलांचंही नागरिकत्व जाईल, आणि माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यात पक्का आहे. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं वगैरे थोडेच अपवाद ठेवले. एका गोष्टीचं मात्र फार वाईट वाटतं, दोन वर्षं आधी काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवण्याच्या केसमध्ये एकट्याने विरोध करणारे न्यायमूर्ती हार्लन इथे वाँगच्या विरोधात गेले.

निकालात आईवडील तिथे कायमचे राहत होते असा उल्लेख आहे, त्यामुळे तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या मुलांना तो लागू नाही असा युक्तिवाद आता होतो. मला तो पटत नाही, घटनेच्या वाक्यात आईवडिलांचा शब्दसुद्धा नाही.

प्रश्न: या निकालानंतर चिनी लोकांचा त्रास संपला का? आणि भारतीयांना त्याचा काही उपयोग झाला का?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: नाही संपला. खुद्द वाँगलाच १९०१ मध्ये टेक्सासच्या एल पासोला बेकायदा राहतोय म्हणून पकडलं, सुटायला पुन्हा कोर्टात जावं लागलं. १९१० ला त्याचा थोरला मुलगा चीनहून आला तर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावर चौकशी करून त्याला परत धाडलं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्माचे रेकॉर्ड जळाले, त्यामुळे आपण इथेच जन्मलो हा दावा खोडणं अवघड झालं, मग अशा कुणा नागरिकाचा मुलगा म्हणून फक्त कागदावर नातं दाखवून बरेच जण आले, आणि ते पकडायला अधिकारी गावातली घरं किती, घराला पायऱ्या किती असले प्रश्न तासन्‌तास विचारायचे, खरा मुलगासुद्धा गोंधळायचा. बायकांचं तर अजून वाईट, तिथे जन्मलेल्या चिनी बाईने चीनमधून आलेल्या माणसाशी लग्न केलं की तिचं नागरिकत्व जायचं, हे १९३१ पर्यंत चाललं. चिनी आईवडिलांना स्वतः नागरिक व्हायला १९४३ उजाडलं.

भारतीयांना झाला, नक्की झाला. १९२३ ला अमेरिकेत राहणारे पंजाबी शीख भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीय गोरे नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असं ठरवलं, ती बंदी १९४६ ला उठली, पण मधल्या काळात कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या घरी जन्मलेली पोरं नागरिकच होती आणि ती वाँगमुळे.

आणि वाँग? १९३१ ला, केस जिंकून ३३ वर्षं झाल्यावर, तो चीनला जायला निघाला तेव्हाही त्याला चिनी वंशाच्या लोकांसाठीचा वेगळा फॉर्म भरावा लागला, त्या फॉर्मच्या मथळ्यातच अर्जदाराला ‘तथाकथित अमेरिकन नागरिक’ म्हटलेलं होतं.