थोंगा, टोंगा की त्सोंगा?

प्रश्न असा आहे: नातेसंबंधांवरच्या जुन्या मानववंशशास्त्रीय लेखनात आग्नेय आफ्रिकेतले ‘थोंगा’ भेटतात, नव्या लेखनात ‘त्सोंगा’, मध्येच ‘टोंगा’ आणि ‘शांगान’. हे सगळे एकच का? मराठीत काय लिहावं?

‘टोंगा’ आधी खोडून टाका. टोंगा हा पॅसिफिकमधला देश. झांबेझीच्या खोऱ्यातले टोंगा निराळे, आणि मोझांबिकमध्ये इन्यांबानेच्या आसपास गितोंगा बोलणारे त्याहून निराळे.

‘थोंगा’ रूढ केलं आंरी-अलेक्सांद्र ज्युनो या स्विस मिशनऱ्याच्या १९१२-१३च्या दोन खंडांनी. त्यातला रोमन ‘एच’ महाप्राणाचा आहे. इंग्रज वाचक तिथे अडखळतो, आपण नाही. ‘थाळी’तला थ झाला. ज्युनोच्या मते हे रूप झुलूंच्या तोंडचं आहे, मूळ शब्द ‘रोंगा’, म्हणजे पूर्व. तिकडचा र झुलूत थ होतो: ‘पाठवणे’ला त्सोंगात ऱ्हुमा, झुलूत थुमा.

आज ‘त्सोंगा’ लिहावं. हा ‘त्स’ म्हणजे जवळपास ‘चांगला’तला च, पण ‘चोंगा’ लिहिलं तर कोणी ‘चहा’तला च वाचेल, म्हणून जोडाक्षरच बरं. भाषेचं नाव रोमनमध्ये Xitsonga असं लिहितात, त्यातल्या ‘एक्स’चा उच्चार मात्र श. तेव्हा भाषेचं नाव ‘शित्सोंगा’. ‘क्सित्सोंगा’ नव्हे, ‘झित्सोंगा’ तर नव्हेच. वात्सोंगा म्हणजे लोक, मुत्सोंगा म्हणजे एक माणूस. मराठीत उपसर्ग गाळून ‘त्सोंगा लोक’, ‘त्सोंगा भाषा’ पुरे.

प्रदेश म्हणाल तर मोझांबिकमधल्या मापुतोच्या उपसागरापासून (जुनं नाव डेलागोआ) उत्तरेला साव्हे नदीच्या बाजूपर्यंत, पश्चिमेला दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात गियानीच्या परिसरात. मापुतोजवळ रोंगा, उत्तरेकडे त्स्वा, मध्ये चांगाना, अशा बहिणी-बहिणी बोली. दक्षिण आफ्रिकेच्याच क्वाझुलु-नाताल प्रांताच्या ईशान्य टोकाला टेंबे-थोंगा आहेत. तिथे ‘थोंगा’ हे नाव अजून जिवंत आहे. कोसी बेच्या उथळ पाण्यात ते खांब आणि फांद्यांची वळणदार कुंपणं घालतात. समुद्राकडे निघालेला मासा कुंपणाकडेने सरकत टोकाच्या सापळ्यात शिरतो, परत फिरायला वाट नसते.

‘शांगान’ला सरसकट पर्याय समजू नका. ते नाव सोशंगानेचं. झुलू राजा शाकाच्या काळात उत्तरेला सरकलेल्या या सेनानीने गाझा राज्य उभारलं (१८९५मध्ये पोर्तुगिजांनी ते बुडवलं). त्याच्या अमलाखाली न आलेल्या अनेक त्सोंगांना हे नाव आपलं वाटत नाही.

जुन्या लेखनाचा हवाला देताना मात्र ‘थोंगा’च ठेवा. आणि तिथला ‘मालुमे’ सापडला तर ‘काका’ करू नका, तो मामा आहे: ‘मा’ आई, ‘लुमे’ हा पुरुषवाचक प्रत्यय, म्हणजे पुरुष-आई. त्याच्याशी भाच्याने केलेली दांडगाई चालते. ज्युनोने वर्णन केलंय, पूर्वजांना वाहिलेला नैवेद्य भाचे पळवतात आणि बाकीचे त्यांच्या मागे धावतात.