सवयीची वाट सोडताना: वाचकांचे प्रश्न

मराठी टाइप करताना मी रोमन अक्षरं मारते आणि कॉम्प्युटर त्यांचं देवनागरी करतो. आता ऑफिसात इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची कीबोर्ड मांडणी, वापरायला सांगितलंय. दोनदा सुरुवात केली, पण काम अडलं की पुन्हा जुन्यावर जाते. काय करू? (एक वाचक, नाशिक)

साहेब पत्राची वाट बघत उभे असताना नवा कीबोर्ड शिकायला गेलं की असंच होणार. पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. ऑफिसचं काम जुन्याच पद्धतीनं करा आणि इनस्क्रिप्टला रोज वीस मिनिटं द्या. त्या वीस मिनिटांत मात्र कितीही अडलं तरी रोमनकडे फिरकायचं नाही.

इनस्क्रिप्टची मांडणी एकदा कळली की पाठांतर फारसं उरत नाही. मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. डावीकडे ओकार, एकार, हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), पहिली वेलांटी आणि पहिला उकार. शिफ्ट दाबून क मारला की ख, त मारला की थ, ट मारला की ठ. मात्रेच्या कळीवर शिफ्ट दाबलं की पूर्ण स्वर. सुरुवातीचे तीन-चार दिवस फक्त मधली ओळ: पोपट, टोक, चिकट, कुरकुर. काना वरच्या ओळीत आहे, त्यामुळे या दिवसांत धड वाक्य लिहिता येत नाही. चालेल. मग वरची ओळ, शेवटी खालची.

खरी गाडी अडते ती जोडाक्षरांत. रोमनमध्ये तुम्ही दोन व्यंजनं लागोपाठ मारता आणि कॉम्प्युटर ती जोडून देतो. इथे मधला हलन्त तुम्हालाच द्यायचा असतो. ‘वर्ष’ म्हणजे व, र, हलन्त, ष. डाव्या हाताचं मधलं बोट हलन्तावर बसलं की अर्धी लढाई संपली. म्हणून रोज दहा ओळी फक्त जोडाक्षरांच्या शब्दांच्या काढा. आणखी एक खास मराठी खोच आहे. ‘आचाऱ्यांना’ लिहिताना साधा र वापरलात तर ‘आचार्यांना’ होतं, आणि स्वयंपाक्यांचे थेट गुरुवर्य होतात. तिथे शिफ्टसह र, मग हलन्त, मग य.

कळांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका, नजर खालीच अडकते. मांडणीचा तक्ता छापून स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवा. वेग सुरुवातीला निम्म्याच्याही खाली जाईल, ते धरूनच चाला. दहा ओळींचं पत्र खाली न बघता जमलं की दिवसाचं पहिलं पत्र इनस्क्रिप्टमध्ये लिहा, बाकीची जुन्या पद्धतीनं. सगळं एकाच सोमवारी बदलायचा हट्ट धरलात तर तिसऱ्यांदाही तुम्ही मागे फिराल. हीच मांडणी हिंदी, गुजराती, बंगालीलाही चालते, हा वरचा फायदा.

चहात दोन चमचे साखर लागते. एकदम बंद केली तर दुसऱ्याच दिवशी डोकं धरलं, मग पुन्हा सुरू केली. (एक वाचक, सांगली)

डोकं बहुधा साखरेमुळे धरलं नसावं. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही म्हणून माणूस चहाच कमी पितो, आणि रोजचं कॅफिन तुटलं की दिवसभरात डोकं ठणकायला लागतं. तेव्हा चहाचे कप तेवढेच ठेवा, साखर कमी करा.

आधी चमचा बघा. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, शिगोशीग भरला तर ६-७ ग्रॅम. पहिला आठवडा चमचे दोनच, पण बोटानं शीग पाडून. नंतर दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी. जिभेला तेवढा वेळ लागतोच. साखर घटली की चहाचा कडवटपणा वर येतो, आणि ‘आता चव गेली’ म्हणून लोक इथेच हात टेकतात. पावडर टाकल्यावर पाच-पाच मिनिटं उकळणं सोडा. एक-दोन मिनिटं पुरे, मग झाकण ठेवा. आलं, वेलची किंवा गवती चहा घाला. गुळाचा चहा ही पळवाट आहे, गूळही साखरच. आणि चहा फिका झाला म्हणून सोबत चार बिस्किटं बुडवून खाल्लीत तर हिशेब जागच्या जागी.

घरात एकाच पातेल्यात सगळ्यांचा चहा होत असेल तर साखर पातेल्यात टाकणं बंद करा, डबा बाहेर ठेवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर हा बदल डॉक्टरांना आधी सांगा.

वय बावन्न. गुडघ्यात दोष नाही असं डॉक्टर म्हणतात, पण पंगतीला मांडी घालता येत नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून खुबे आखडतात, आणि बोल मात्र गुडघ्याला लागतो. घोंगडी घडी करून पाच-सहा इंच उंची करा, पाठ भिंतीला टेकवा. खुबे गुडघ्यांपेक्षा वर राहिले पाहिजेत. सुरुवातीला तीन मिनिटं, दर खेपेला वरचा पाय बदलून. जांघेत ताण आला तर ठीक. गुडघ्याच्या आत कळ आली किंवा पायाला मुंग्या आल्या तर पाय लगेच सोडा. पंधरा मिनिटं आरामात बसता आलं की घोंगडीची एक घडी कमी करा. उठताना आधी कुशीला वळून हातावर भार घ्यायचा, गुडघ्यावर झटका नको. तोवर पंगतीत उंच पाट मागायला लाजू नका, फक्त ताटही चौरंगावर घ्या, नाहीतर वाकून वाकून कंबर धरेल.