मागच्या बाकावर बसून लिहायचं काय? मार्गदर्शक शिक्षक आणि छात्राध्यापकांची प्रश्नोत्तरे

शाळांमधून बी.एड.ची आंतरवासिता (छात्राध्यापकांनी, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी, शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवायचा सराव) सुरू झाली की कोल्हापूर जिल्ह्यातून दरवर्षी तेच ते प्रश्न येतात. त्यातले काही इथे एकत्र घेतले आहेत.

छात्राध्यापिका चुकीचं शिकवत असेल तर मध्येच उठून दुरुस्त करावं का? (सहशिक्षिका, इचलकरंजी)

बोलताना अडखळली, क्रम चुकला, तर नाही, तासानंतर सांगा. आशयच चुकला असेल आणि मुलं ते वहीत उतरवून घेत असतील, तर तास संपायच्या आत दुरुस्ती व्हायलाच हवी, पण तिच्याच तोंडून. छोटी चिठ्ठी पुढे द्या.

निरीक्षण तक्त्यात मी ‘छान’, ‘आवाज वाढवा’, ‘फलकलेखन सुधारा’ असं लिहितो. पुरेसं आहे ना? (सहशिक्षक, गारगोटी)

अजिबात नाही. खरं दुखणं इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘छान’ वाचून उद्या काय करायचं ते कळत नाही, आणि ‘सुधारा’ वाचून नेमकं काय सुधारायचं तेही कळत नाही. तक्ता बी.एड. महाविद्यालयाला लागतो, तो शेवटच्या पाच मिनिटांत भरा. तास चालू असताना साध्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे वेळ आणि शिक्षकाचं बोलणं, उजवीकडे मुलं काय करत होती ते. मत लिहायचं नाही. जे ऐकलं आणि पाहिलं तेवढंच.

अपूर्णांकांच्या बेरजेच्या तासाचं पान असं दिसेल: ११.१० – ‘छेद समान का करायचे?’ एक सेकंद, मग स्वतःच उत्तर. ११.१४ – ‘समजलं का सगळ्यांना?’ वर्ग: ‘होऽऽ’. ११.१६ – खिडकीकडचा तिसरा बाक, वहीत १/२ + १/३ = २/५. बाई दोनदा शेजारून गेल्या, वही पाहिली नाही. हे पान छात्राध्यापिकेसमोर ठेवा. ‘हो’ म्हणणाऱ्या वर्गात अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारा मुलगा बसलाय, हे तिचं तिलाच दिसेल. उपदेश करायची गरज उरत नाही.

‘समजलं का?’ हा प्रश्नच नव्हे; त्याला ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती होत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात मोजून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. तेच तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. नवख्या शिक्षकाला ती शांतता खायला उठते. म्हणून क्रम पाठ करून घ्या: आधी प्रश्न, मग मनात तीन आकडे, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटतो.

चर्चा त्याच दिवशी, दहा-पंधरा मिनिटं. मुलांदेखत नको, स्टाफरूममध्ये चहाच्या गलक्यातही नको. कुठे अडलं ते आधी तिला बोलू द्या, मग पानावरच्या दोन नोंदी, आणि शेवटी उद्यासाठी एकच काम, तेही मोजता येईल असं: ‘पाच प्रश्नांना तीन-तीन सेकंद थांबायचं.’ सात सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही. दुसऱ्या दिवशी तेवढंच मोजा. ‘शनिवारी सगळ्या पाठांचं एकदम बोलू’ म्हणणाऱ्यांना आणि शेवटच्या दिवशी गठ्ठ्यानं सह्या ठोकणाऱ्यांना एकच विनंती: मार्गदर्शक म्हणून नाव देऊ नका. आणि तीच चूक तीन-चार पाठांनंतरही सुटत नसेल, तर त्या विषयाच्या मेथडच्या (अध्यापन पद्धतीच्या) प्राध्यापकांना एक पाठ बघायला बोलवा.

पाठ टाचणांची (तासाच्या लेखी आराखड्यांची) तयार वही दुकानात मिळते. सीनियर म्हणतात, कुणी वाचत नाही. घेऊ का? (छात्राध्यापक, कागल)

नको. त्या वहीत प्रत्येक प्रश्नापुढे मुलं बरोबर उत्तर देतात. तुमच्या वर्गात देणार नाहीत, आणि पहिल्याच चुकीच्या उत्तरापाशी तुम्ही अडकाल. मोबाइलवर एआयकडून काढून घेतलेल्या टाचणाचीही तीच गत. मार्गदर्शकांनी सही करण्याआधी विचारावं: मुलं चुकतील अशा तीन जागा कोणत्या, आणि तिथे काय करशील? टाचण आदल्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी दाखवायचं. ३५ मिनिटांच्या तासाला एक अध्ययन निष्पत्ती (तासाअखेर मुलांना काय यायला हवं ते) पुरे. तयार वह्यांत चार-चार कोंबलेल्या असतात. नमुन्याबद्दल शंका असेल तर प्राध्यापकांना विचारा, सीनियरला नको.

शिक्षक कमी आहेत. रिकामे तास छात्राध्यापकांना दिले तर बिघडलं कुठे? (मुख्याध्यापक, शाहूवाडी तालुका)

भर पावसात निम्मा स्टाफ वाटेत अडकतो, तेव्हाचा एखादा तास समजू शकतो. अख्खं वेळापत्रक त्यांच्या गळ्यात घालणं चूक. एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमावलीत दोन वर्षांच्या बी.एड.साठी ठेवलेले किमान २० आठवडे शिकण्यासाठी आहेत. सुरुवातीचे काही दिवस फक्त निरीक्षण, मग तुमच्याच तासातली दहा मिनिटं, मग पूर्ण तास, आणि मार्गदर्शक वर्गातच. एकटं सोडायचंच असेल तर आधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांशी बोलून लेखी ठरवा.

छात्राध्यापकानं मुलाला चापट मारली. घरी कळलेलं नाही. मिटवून टाकावं का? (सहशिक्षक, करवीर)

नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. पालकांना आणि महाविद्यालयाला शाळेनं सांगावं, मुलाकडून कळू नये. ‘आमच्या वेळी मास्तर छडीनं मारायचे’ हे बचावात चालत नाही.

पाठाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला तर चालेल का? (छात्राध्यापिका, कोल्हापूर)

नाही. स्वतः पाहण्यासाठी चित्रीकरण उपयोगी आहे, पण आधी मुख्याध्यापक आणि पालकांची लेखी परवानगी.

दोन तास घेतले की घसा बसतो. खडीसाखर, ज्येष्ठमध सगळं झालं. (छात्राध्यापिका, पन्हाळा)

खडीसाखरेनं ओरडायची सवय जात नाही. गोंगाटावर आवाज चढवू नका. हात वर करून थांबा, वर्ग शांत झाल्यावरच बोला. फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद. पाणी घोट घोट, तासाच्या मध्येही. घसा बसल्यावर कुजबुजत बोलूनही ताण पडतो, त्यापेक्षा गप्प राहा. तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर आजच जा, आंतरवासिता संपायची वाट पाहू नका.