प्रश्न तुमचे : झाकलेली अण्वस्त्रं मोजायची कशी?

प्रश्न : आमच्या पिंपळगावला द्राक्षाचा कंटेनर भरला की सील लागतं, नंबर कागदावर चढतो, तिकडे पोचल्यावर तोच नंबर ताडून बघतात. अमेरिका-रशियानं अण्वस्त्रं अशीच मोजली तर अडतं कुठे?
– एक बागायतदार, जि. नाशिक

उत्तर : नंबराची पद्धत त्यांच्याकडेही होती. या दोन देशांमधल्या, २०११मध्ये लागू झालेल्या न्यू स्टार्ट करारात प्रत्येक क्षेपणास्त्राला ओळखक्रमांक होता, तैनात अण्वस्त्रांना १,५५०ची मर्यादा होती आणि वर्षाला १८ तपासण्या ठरल्या होत्या. अडतं ते पुढे. तुमची पेटी शेवटी कुणीतरी उघडतो, घड हातात घेतो, शंका आली तर नमुना लॅबला धाडतो. अण्वस्त्राची पेटी उघडायची नाही, कारण त्याचा आकार आणि आतली रचना हेच यजमानाचं, म्हणजे ज्याचं अण्वस्त्र त्या देशाचं, गुपित.

म्हणून या करारात यजमान आधी तळावरच्या प्रत्येक क्षेपणास्त्रावर किती अण्वस्त्रं आहेत ते सांगायचा आणि मग निरीक्षक त्यातलं एक क्षेपणास्त्र निवडायचे. पुढच्या टोकाशी असलेली अण्वस्त्रं कापडाखाली झाकूनच दाखवली जायची. निरीक्षकांनी फक्त उंचवटे मोजायचे. एखादा उंचवटा जास्त निघाला आणि यजमान म्हणाला, ‘ते अण्वस्त्र नव्हे,’ तर न्यूट्रॉन मोजणारं यंत्र बाहेर यायचं. आधी ओळखीच्या स्रोतावर यंत्र तपासायचं, मग आसपासचे नैसर्गिक न्यूट्रॉन मोजायचे, मग ती वस्तू. अण्वस्त्रातल्या प्लुटोनियममध्ये थोडं प्लुटोनियम-२४० असतंच. ते आपोआप फुटून न्यूट्रॉन सोडतं. आकडा आसपासच्या पातळीवरच राहिला, तर यजमानाचं म्हणणं मान्य.

यातच फट आहे. युरेनियम-२३५ न्यूट्रॉन फारच कमी सोडतं, त्यामुळे अण्वस्त्रात नुसतं युरेनियम असेल तर यंत्र जवळजवळ गप्पच. शिशाला न्यूट्रॉन जुमानत नाहीत. पण पॉलिथिनचा जाड थर त्यांना मंदावतो आणि त्यात बोरॉन मिसळलं असेल तर ते गिळलेही जातात.

त्याहून अवघड काम अण्वस्त्र मोडताना. तिथे ‘हे अण्वस्त्रच आहे’ असं सिद्ध करायचं असतं, नाहीतर नकली मोडून खरं कोठारात राहील. अण्वस्त्रातून निघणाऱ्या किरणांचा पूर्ण आलेख दिला तर गुपित फुटतं. ब्रिटन आणि नॉर्वेनं २००७ पासून मिळून यावर काम केलं : यंत्रानं आतल्या आत मोजायचं आणि बाहेर फक्त हिरवा किंवा लाल दिवा दाखवायचा. मग भांडण यंत्रावरच येतं. ते गुपित साठवत असेल ही यजमानाला भीती, त्याला आधीच हिरवा दिवा दाखवायला शिकवून ठेवलं असेल ही तपासायला आलेल्या पाहुण्याला. तोडगा बागायतदाराला पटेल असा : एकसारखी दोन यंत्रं आणायची, चिठ्ठी टाकून एक वापरायचं, दुसरं खोलून तपासायचं.

प्रश्न : मग उपग्रहावरून का नाही बघत?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : बघतातच. क्षेपणास्त्रांचे भूमिगत खड्डे, बंदरात लागलेल्या पाणबुड्या, बॉम्बर विमानं वरून मोजता येतात. झाकणाखालच्या क्षेपणास्त्रावर एक अण्वस्त्र आहे की तीन, हे मात्र दिसत नाही. तळावरच्या तपासण्या मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे थांबल्या आणि फेब्रुवारी २०२३मध्ये रशियानं करारातला सहभाग स्थगित केला, तेव्हापासून उंचवटे मोजायला कुणी गेलेलं नाही.