विचारा भो : पहिली गेम हरला की भाव वाढतो, मग लावू का?

मागच्या अंकात टेकन आणि स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेमवर लिहिलं होतं. वाटलं होतं कोणी कॉम्बो विचारेल, कोणी कोणतं पॅड घेऊ विचारेल. आले ते सगळे लाइव्ह सट्ट्याचेच प्रश्न. ठीक आहे, विचारलंय तर बोलू.

भुसावळहून, इंजिनिअरिंग थर्ड इयर : दादा, टेकन ८ आल्यापासून खेळतोय, रूमवर आम्ही चौघं मोठ्या टुर्नामेंट लाइव्ह बघतो. माझ्या लक्षात आलंय की तगडा प्लेअर पहिली गेम हरला की साइटवर त्याचा भाव एकदम वाढतो, १.४५ चा २.५० होतो, आणि बऱ्याचदा शेवटी तोच जिंकतो. तर नेमकं तेव्हाच लावायचं ही स्ट्रॅटेजी बरोबर आहे का? अजून काय काय बघायचं? कायद्याचं लेक्चर नको प्लीज.

लेक्चर नाही देत, पण दोन ओळी ऐकाव्याच लागतील भो, कारण त्या तुझ्या हिशोबातच येतात. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा, राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्ट २०२५ ची. त्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, एंट्री फी भरून खेळ, बक्षीस जिंक, चालतं. पण त्या मॅचवर कोणीही पैसा लावला, खेळणाऱ्याने किंवा बघणाऱ्याने, की ते ई-स्पोर्ट्स राहत नाही. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत जेल आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख. तुझ्यासारख्या लावणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण इथे चालवायलाच बंदी म्हटल्यावर तू जी साइट बघतोस ती बहुधा कुठल्यातरी परदेशी बेटावरची आहे आणि तिने उद्या तुझे जिंकलेले पैसे अडकवले तर तू कोणाच्या दारात जाणार? पोलीस स्टेशनला जाऊन काय सांगशील?

आता गणित. २.५० चा भाव म्हणजे १०० लावून जिंकलास तर लावलेल्या शंभरासकट २५० परत. आणि एका मॅचमध्ये तीन किंवा पाच गेम, एका गेममध्ये काही राउंड. समज तगडा प्लेअर एका गेमला १०० पैकी ६० वेळा जिंकतो. तीनपैकी दोन जिंकायच्या असतील तर पूर्ण मॅच जिंकायचा त्याचा चान्स साधारण ६५ टक्के. पहिली गेम हरला की त्याला पुढच्या दोन्ही जिंकाव्या लागतात, म्हणजे ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. ३६ टक्क्याचा खरा भाव होतो १ भागिले ०.३६, म्हणजे २.७८. तुला दिसतोय २.५०. तुला वाटतं भाव वाढला, स्वस्तात मिळतोय, पण तो आधीच्या १.४५ शी तू तुलना करतोस म्हणून, जिथे तुलना करायची ते २.७८ स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं. बाजारात केळीचा भाव कालपेक्षा वाढला म्हणजे चांगला मिळाला असं होत नाही ना, खर्च किती आला ते बघावं लागतं, रावेर-यावलच्या कोणालाही विचार.

हाच प्लेअर पाचपैकी तीनच्या मॅचमध्ये ०-१ ने मागे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे अजून साडेसत्तेचाळीस टक्के चान्स आहे, खरा भाव २.१० च्या आसपास. म्हणून आधी फॉरमॅट बघायचा. मोठ्या टुर्नामेंटमध्ये सुरुवातीच्या मॅच साधारण तीनच्या असतात आणि शेवटच्या टप्प्यात पाचच्या होतात, हे न बघता लावणारे खूप आहेत. आणि ग्रँड फायनलला अजून एक गोम. डबल एलिमिनेशन असतं, म्हणजे एकदा हरलेला लूझर्स साइडने वर येऊ शकतो, पण त्याला फायनलमध्ये समोरच्याला दोनदा हरवावं लागतं. दोघं बरोबरीचे धरले तरी लूझर्सवाल्याचा चान्स २५ टक्के.

खेळाच्या आतलं तर तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. लाइफ बारवर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच. टेकन ८ मध्ये हीट, म्हणजे थोडा वेळ हल्ल्याला मिळणारं जास्तीचं बळ, राउंडला एकदाच मिळते, ज्याची शिल्लक आहे तो अर्ध्या लाइफवरही मागे नाही, शिवाय काही लाइफ हल्ला करून परत मिळवता येते, आणि लाइफ अगदी खाली गेली की रेज येतो, म्हणजे त्याचा मार जास्त लागतो. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ड्राइव्हचे, म्हणजे खास चालींच्या ताकदीचे, सहा डबे बघ. ते संपले की बर्नआउट, म्हणजे त्या चाली काही वेळ बंद, मग भरलेल्या लाइफचा प्लेअर पण कोपऱ्यात अडकला की संपला. सुपरचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या वाराचा, गेज पुढच्या राउंडला तसाच जातो, ड्राइव्ह नव्याने भरतं, म्हणून राउंड हरूनही तीन सुपर साठवून जाणारा कधीकधी फायद्यात असतो. अजून एक म्हणजे हरलेल्याला बहुतेक टुर्नामेंटमध्ये कॅरेक्टर बदलता येतं, जिंकलेल्याला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं ज्याला आपण "डाउनलोड केलं" म्हणतो ते, पहिल्या गेममध्ये मार खात खात समोरच्याची सवय वाचणं, तो उठताना काय दाबतो, घाबरला की उडी मारतो का. हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही आणि ओळखायला डोळा लागतो.

पण मग डोळा असूनही काय होतं बघ. २००४ ला कॅलिफोर्नियात इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या टुर्नामेंटला स्ट्रीट फायटरची मॅच, जस्टिन वाँगचं कॅरेक्टर चुन-ली आणि दाइगो उमेहाराचं केन. दाइगोची लाइफ दोऱ्याएवढी, ब्लॉक केलं तरी मेला असता. चुन-लीने सुपर टाकला आणि या माणसाने पंधराच्या पंधरा लाथा एकेक करून पॅरी केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी लाइफ न घालवता अडवल्या, आणि उलटा मारून राउंड घेतला. आजही तो व्हिडिओ बघताना अंगावर काटा येतो. त्या सेकंदाला जगातल्या कोणीही वाँगवर सगळं लावलं असतं आणि हिशोबाने ते बरोबरच होतं, तरी पैसे गेले असते. आणि दाइगो पुढे फायनल हरला, हे कोणी सांगत नाही.

उलटा प्रकार २०१९ चा. लाहोरचा टेकनवाला अर्सलान अॅश, बाहेरच्यांनी नाव फारसं ऐकलं नव्हतं, फेब्रुवारीत इव्हो जपान मारली आणि ऑगस्टमध्ये लास वेगासची मोठी इव्हो पण. भाव ठरवणाऱ्यांकडे माहितीच नसेल तर भाव चुकतो, हे खरं आहे. पण ती माहिती लाहोरच्या पार्लरमध्ये होती, भुसावळच्या रूमवर नव्हती.

आणि नाल, म्हणजे डाव बसवणाऱ्याचा कट, विसरू नको. आखाजीला पत्त्यांचा डाव बसतो तेव्हा जागावाला नाल काढतो, तो समोर दिसतो तरी. साइटची नाल भावात मुरलेली असते. दोन बरोबरीचे प्लेअर, दोघांना १.८५. दोन्हीकडे शंभर-शंभर लाव, दोनशे गेले, कोणीही जिंको परत आले १८५. म्हणजे निव्वळ बरोबरीत राहायला तुला १०० पैकी ५४ पेक्षा जास्त वेळा बरोबर यावं लागतं. रूमवर चौघांत मीच बरोबर ओळखतो असं वाटणं वेगळं आणि ५४ वेगळं.

तपासायचंय तर एक रुपया न लावता तपास. वही घे, गेम सुरू व्हायच्या आधी लिही अमुक जिंकायचा ७० टक्के. जिंकला तर १ वजा ०.७, त्याचा वर्ग ०.०९. हरला तर ०.७ चा वर्ग ०.४९. अशा शंभर नोंदींची सरासरी काढ. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के लिहिलं असतं तरी ०.२५ आली असती. तुझी त्यापेक्षा जास्त आली तर नाणं उडवणारा तुझ्यापेक्षा बरा. मी हे केलं होतं, चाळीस नोंदींपर्यंत फार खूश होतो, शंभरला ०.२४ निघाली. एवढ्यात नाल पण सुटत नाही.

चोपड्याहून : मी डबलिंग करतो. १०० हरलो की २००, मग ४००. कधीतरी जिंकणारच ना, सगळं वसूल. यात चूक काय?

तुझ्याच आकड्यात बघू. भाव १.८५ धर. १०० गेले, मग २०० लावून जिंकलास तर १७० आले, वसुली होऊन ७० उरले. १०० आणि २०० गेले, ४०० वर जिंकलास, ३४० आले, उरले ४०. आता १००, २००, ४०० गेले, ८०० वर जिंकलास, ६८० आले आणि गेलेले ७००. म्हणजे जिंकूनही २० रुपये खिशातून. डबलिंगची जी गोष्ट सांगतात ती २ च्या भावाची आहे, तो भाव तुला कोण देतंय? आणि सलग सात हरलास तर १२,७०० गेलेले असतात आणि पुढचा डाव १२,८०० चा, तोही पहिल्या शंभराच्या मागे. वर साइटची प्रत्येक डावाची मर्यादा असते, ती आडवी आली की डबलिंग तिथेच संपलं.

पाचोऱ्याहून : टेलिग्रामवर एक ग्रुप आहे, त्याने मला सलग पाच मॅच बरोबर सांगितल्या, त्या पण लाइव्ह. आता सहावीचे ३००० मागतोय. मला वाटतं त्याच्याकडे आतली खबर आहे.

त्याच्याकडे तुझ्यासारखे ८०० जण आहेत. चारशेंना सांगितलं अ जिंकेल, चारशेंना ब. ज्यांना चुकीचं गेलं त्यांना सोडून दिलं. ४०० चे २००, मग १००, मग ५०, मग २५. पाच मॅचनंतर पंचवीस जण असे उरतात ज्यांना वाटतं हा माणूस देव आहे. त्यातला तू एक. हे फार जुनं आहे, मटक्याच्या आकड्याला पण असंच चालायचं, फक्त तेव्हा पोस्टकार्ड लागायचं.

लाइव्हचं म्हणशील तर तू जे बघतोस ते लाइव्ह नसतंच. कॅमेऱ्यापासून तुझ्या मोबाइलपर्यंत यायला कितीतरी सेकंद जातात, काही आयोजक मुद्दाम अजून उशीर लावतात. फायटिंग गेमचा एक राउंड अर्ध्या मिनिटात संपतो. क्रिकेटला एक बॉल उशिरा दिसला तर एक बॉल गेला, इथे अख्खा राउंड जातो. हॉलमध्ये बसलेल्याला निकाल माहीत, साइटला फीड लवकर, तू बटण दाबलं की साइट काही सेकंद "स्वीकारत आहे" म्हणून फिरवत ठेवते आणि तेवढ्यात भाव बदलला तर तुझा डाव परत.  कमेंटेटर ओरडतो तेव्हा तिकडच्या टाळ्या थंड झालेल्या असतात.

आतली खबर खरी असू शकते का? असू शकते, आणि ते जास्त वाईट. स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमचा वर्ल्ड चॅम्पियन राहिलेला कोरियाचा "लाइफ" नावाचा पोरगा २०१६ ला मॅच फिक्सिंगमध्ये पकडला गेला, आयुष्यभराची बंदी. चॅम्पियन विकला जातो तर जिथे बक्षीस पाच-दहा हजाराचं आहे अशा छोट्या ऑनलाइन मॅचचं काय? अशा मॅचवर सट्टा उघडला असेल तर तुझा तो डाउनलोडवाला डोळा काही कामाचा नाही.

३००० देऊ नको. देऊन बसला असशील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन कर, लगेच, उद्या नाही.

शहाद्याहून, एका ताईचा प्रश्न : माझा लहान भाऊ नाशिकला शिकायला आहे. त्याने फीचे पैसे यात घालवले, आता म्हणतो एका मित्राने त्याचं बँक खातं वापरायला मागितलंय, महिन्याला पैसे देईल. आई-बाबांना सांगू का? फार चिडतील.

ताई, खात्याचं आधी. आजच्या आज त्याला नाही म्हणायला सांगा, एटीएम कार्ड आणि सिम दिलं असेल तर परत घ्यायला आणि बँकेत जाऊन लेखी कळवायला सांगा. अशा भाड्याच्या खात्यातून सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे फिरतात, आणि तपास लागला की पोलीस आधी खातेदाराकडे येतात. फी गेली ती भरता येईल, हे प्रकरण कॉलेजभर आणि नोकरीपर्यंत मागे लागतं.

आई-बाबांना सांगा, पण भावाला सोबत बसवून आणि पूर्ण आकडा एकदाच सांगा. अर्धा सांगितला की उरलेला अर्धा तो जिंकून भरायला बघतो, माझ्या पाहण्यातली दोन पोरं अशीच खोल गेली. बाबा दोन दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील. त्याचा यूपीआय काही महिने घरच्यांकडे राहू द्या. रात्री झोप नाही, हात थरथरतो असं असेल तर १४४१६, सरकारची टेली-मानस लाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

धुळ्याहून : हे सगळं राहू द्या दादा. मी ३१ चा, दुकान सांभाळतो. स्ट्रीट फायटर ६ घेतलाय. आता खेळायला सुरुवात करून काही अर्थ आहे का, का पोरांचं काम आहे?

शेवटी एक खेळायचा प्रश्न आला! हांगझोऊची एशियन गेम्स २०२३ ला झाली त्यात स्ट्रीट फायटर ५ मेडलचा खेळ होता, गोल्ड घेतलं कोरियाच्या किम ग्वान-वूने, वय ४४. आपल्याकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास गेले होते. तुला अजून तेरा वर्षं आहेत.

आम्ही जळगावला पार्लरमध्ये केओएफ ९७, म्हणजे किंग ऑफ फायटर्सवर वाढलो, एक रुपयाचं नाणं, हरला तो उठला. पार्लरवाले काका मागून म्हणायचे, "आपलं नाणं आपला हातमा, दुसराना बोटवर काय भरोसा." तेव्हा हसायचो.

तू एवढं कर. वायफायवर खेळू नको, राउटरपासून केबल ओढ, नाहीतर समोरचा तुला शिव्या घालेल आणि त्याचं बरोबर असेल. एकच कॅरेक्टर धर, निदान दोन महिने. मॉडर्न कंट्रोलने, म्हणजे सोप्या बटणांनी, सुरू केलंस तर लाज वाटू देऊ नको. हरलेल्या मॅचचा रिप्ले बघ, जिंकलेल्याचा नाही बघितला तरी चालेल. लाइट जाते त्या वारी रँक मॅच लावू नको, मी इन्व्हर्टरच्या भरवशावर लावली होती, राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. आणि रँक काय येतो ते कळव, मी अजून गोल्डलाच अडकलोय.