रायफलमन मोठा की शिपाई?

कारगिलच्या परमवीरचक्र विजेत्यांची नावं वाचताना एका वाचकाला प्रश्न पडला: रायफलमन संजय कुमार आणि ग्रेनेडिअर योगेंद्र सिंह यादव यांच्यात तेव्हा हुद्द्याने वरचं कोण होतं? आणि साधा शिपाई दोघांच्याही खाली येतो का?

तिघंही एकाच पायरीवर. भूदलात हा हुद्दा एकच, नाव मात्र पलटणीनुसार बदलतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत तो शिपाई, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, रणगाडा दलात सवार. त्यामुळे शिपायाचा रायफलमन होणं ही बढती नव्हे. बढती म्हणजे बाहीवर फीत: एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. (२०२२ पासून येणाऱ्या अग्निवीरांचा हुद्दा वेगळा आहे.)

‘लान्स नाईक’ हा जोड मला फार आवडतो. ‘मोडलेला भाला’ अशा अर्थाचा इटालियन शब्दप्रयोग फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला, झिजून नुसता ‘लान्स’ उरला आणि आपल्या संस्कृत ‘नायका’ला येऊन चिकटला.

‘हवालदार’ तर आपल्या अगदी घरातला. अरबी ‘हवाला’ म्हणजे सोपवणूक, त्याला फारसी ‘दार’. ज्याच्या हवाली काही केलंय तो. शिवकाळात गडाचा हवालदार म्हणजे गडावरचा मोठा अंमलदार; दरवाजाच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात. पायदळातही नाईक होते आणि पाच नाइकांवर एक हवालदार असे. म्हणजे शब्द टिकला, पण त्याचा मान बराच खाली आला. ‘हवालदिल’शी मात्र त्याचं नातं नाही, तिथे ‘हौल’ म्हणजे धास्ती.

नौदल आणि हवाई दलाने हे देशी शब्द घेतलेच नाहीत, ब्रिटिश नावं ठेवली. नाइकाच्या बरोबरीचा नौदलात लीडिंग सीमन, हवाई दलात कॉर्पोरल. हवालदाराच्या बरोबरीचे अनुक्रमे पेटी ऑफिसर आणि सार्जंट. यातल्या ‘ऑफिसर’ शब्दाने बातम्यांचे अनुवाद हमखास फसतात. पेटी ऑफिसर हा कमिशन मिळालेला अधिकारी नसतो, म्हणून ‘नौदल अधिकारी’ असं लिहिणं चूक. ‘नौसैनिक’ लिहावं; हवाई दलासाठी ‘वायुसैनिक’.

राहिला ‘जवान’. तो हुद्दाच नाही. फारसीत त्याचा अर्थ तरुण, आणि संस्कृत ‘युवन्’ त्याचा भाऊबंद. हुद्दा ठाऊक नसेल तेव्हा तो चालतो. पण ठाऊक असताना ‘जवान’ लिहून नाइकाच्या दोन फिती पुसू नयेत, असं मला मनापासून वाटतं. त्या मिळवायला त्याने वर्षं घातलेली असतात.